प्राध्यापकांच्या खात्यावर

रत्नागिरीत राम आळीच्या टोकाला आमचं किराण्याचं दुकान होतं. अण्णांची उधारीची वही लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. शाळेतून आल्यावर त्या वहीत दिवसभराच्या नोंदी उतरवायचं काम माझं, कारण अण्णांचं अक्षर त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. एका गिऱ्हाइकाला एक पान. माथ्यावर नाव, खाली तारीख, माल, रक्कम. पैसे आले की ओळीवर आडवी काट. महिनाअखेरीला अण्णा वही चाळत, तेव्हा काट मारलेल्या ओळींकडे ते बघतही नसत. न मारलेली ओळ आली की बोट थांबायचं. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "हे बघ, वही म्हणजे राहिलेल्यांची यादी. गेलेल्यांचं काय वाचायचं?"

४१व्या वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दोनशे वर्षांपूर्वीची एक नोंदवही माझ्यासमोर आली. माथ्यावर प्राध्यापकाचं नाव, खाली तारीख, पुस्तक, खंडाचा आकडा आणि ओळीवर आडवी काट. माझा पहिला विचार अगदी अडाणी होता : अरे, ही तर उधारीची वही!

तिथवर कशी पोचले ते थोडक्यात सांगते. एका कॉलेजात सोळा वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर बिनपगारी रजा घेऊन मी स्कॉटलंडमध्ये ग्रंथांच्या इतिहासाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला गेले. घरच्यांनी विचारलं, पुस्तकं सांभाळून पोट भरलं नाही का? शेवटी एक प्रबंध लिहायचा असतो. माझ्या मार्गदर्शक बाईंनी सुचवलं की स्कॉटलंडात जुन्या ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या भरपूर शिल्लक आहेत, त्यातली एक घे. भरपूर म्हणजे खरोखरच भरपूर. पर्थशायरमधल्या इनरपेफ्री नावाच्या खेडवळ वाचनालयाची वही १७४७ पासूनची आहे, आणि तिथे शेतकरी, विणकर, नोकरचाकरही पुस्तकं नेत. विद्यापीठांच्या वह्या तर गठ्ठ्यांनी. शेजारच्या इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने १६४५ साली खुद्द पहिल्या चार्ल्स राजाला पुस्तक घरी न्यायला नकार दिला आणि १६५४ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल यालाही तेच उत्तर दिलं. जिथे पुस्तक बाहेरच जात नाही तिथे अशी वही कुठून येणार? स्कॉटिश विद्यापीठांनी पुस्तकं घरी नेऊ दिली, म्हणून आपल्याला आज प्राध्यापकांच्या घरात डोकावता येतं.

मी विषय ठरवला तो माझ्या अभिमानाला साजेसा. हिंदुस्थानावरची पुस्तकं कोणते प्राध्यापक नेत होते? मनात खरं लक्ष्य एकच : ग्रँट डफचा तीन खंडांतला मराठ्यांचा इतिहास, १८२६. लेखक स्कॉटिश, विषय आपला. एखाद्या प्राध्यापकाच्या पानावर ती ओळ सापडली की माझा प्रबंध तरला, असं माझं गणित होतं.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही. ल्यूकर्स नावाच्या स्टेशनवर उतरायचं आणि बस पकडायची. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता आणि समुद्रावरून धुकं आलं होतं. तिकडे त्याला 'हार' म्हणतात. कोकणातल्या माणसाला समुद्राची भीती नाही, पण समुद्र दिसतही नाही आणि नुसता अंगावर येतो, हा प्रकार नवा होता. गाव लहान. तीन मुख्य रस्ते, आणि तिन्ही पडक्या कॅथीड्रलच्या दिशेने जातात. विद्यापीठ १४१३ सालचं. हस्तलिखितं आणि दुर्मिळ ग्रंथ पाहायची खोली तेव्हा नॉर्थ स्ट्रीटवर, एका जुन्या चर्चच्या इमारतीत होती.

आधी ईमेलने वही मागवून ठेवावी लागते. ओळखपत्र दाखवलं, पिशवी आणि कोट कपाटात ठेवला, पेन काढून घेतलं. आत फक्त शिसपेन्सिल. टेबलावर फोमच्या उताराच्या दोन ठोकळ्यांमध्ये वही ठेवतात, म्हणजे पाठीवर ताण येत नाही, आणि पान उघडं राहावं म्हणून कापडात शिवलेल्या मण्यांची लांब माळ अंगावर टाकतात. तिला ते 'साप' म्हणतात. हातमोजे लागतील असं मला वाटलं होतं, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "नको, हात धुवून कोरडे करा. मोज्याने पानाचा अंदाज येत नाही, उलट फाटतं." सोळा वर्षं मी विद्यार्थ्यांना उलटंच सांगत आले होते, हे त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी साडेपाच तासांत माझ्या १९ ओळी झाल्या. एकोणीस! अण्णांच्या वहीत मी पंधरा मिनिटांत तेवढ्या लिहीत असे. अडचण अशी की या वहीत लिहिणारा स्वतःसाठीच लिहीत होता. पुस्तकाचं नाव पूर्ण कधीच नाही. लेखकाचं आडनाव अर्धं, मग एक टिंब, मग खंडाचा आकडा. "डो." असं वारंवार येई. तासाभराने लक्षात आलं की ते 'ditto' चं, म्हणजे आपल्या 'सदर'चं, लघुरूप आहे. शाई कुठे काळी, कुठे चहासारखी. काही ठिकाणी काट इतक्या जोरात मारलेली की खालचं अक्षर वाचायला पान उजेडाकडे तिरपं धरावं लागे. परतीचा आनंद असावा.

मार्गदर्शक बाईंचा नियम कडक होता. जसं दिसतं तसं उतरव. चूक दिसली तरी सुधारू नकोस. अर्थ लागला नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाक. माझ्या संगणकावरच्या तक्त्यात आठ रकाने होते : पान, ओळ, तारीख, प्राध्यापक, ग्रंथ, खंड, काट आहे की नाही, आणि शेवटचा 'इतर'. तो शेवटचा रकाना मी वर्गमित्राच्या सल्ल्यावरून, नाइलाजानेच, ठेवला होता. तोच पुढे माझा प्रबंध झाला.

एवढ्याशा गावाच्या ग्रंथालयात लंडनमधली ताजी पुस्तकं कशी येत होती, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १७१० च्या राणी ॲनच्या कायद्याने छापणाऱ्याला पुस्तकावर हक्क हवा असेल तर ते लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये नोंदवायचं आणि नऊ प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या, असं ठरलं. त्या नऊमध्ये स्कॉटलंडची चारही विद्यापीठं होती. १८०१ मध्ये नऊची अकरा झाली. प्रकाशक अर्थातच चुकवाचुकवी करत. महागडं पुस्तक नोंदवायचंच नाही, किंवा अनेक खंडांपैकी एकच नोंदवायचा. तरी जे येई ते येई, आणि त्यात निवड नसे. धर्मशास्त्र, वैद्यक, प्रवासवर्णनं, शेतीची माहिती, मुलांची पुस्तकं, कादंबऱ्या, सगळंच फुकट. साउथ स्ट्रीटवरचं जुनं ग्रंथालय अजून आहे. सहाव्या जेम्स राजाच्या नावाचं, १६१२ साली सुरू झालेलं आणि १६४३ साली पुरं झालेलं. १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन इथे आला होता. ते दाखवणाऱ्या गृहस्थाने असा ग्रंथसंग्रह तुमच्या इंग्लंडात नाही, असं सांगून त्याला डिवचलं. जॉन्सनने लिहिलं ते असं, की जागा फारशी मोठी नाही, पण देखणी आणि उजेडाची आहे. मी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा बाहेर हार पसरलेला होता आणि उजेड अजिबात नव्हता, तरी मला ते पटलं.

तर प्राध्यापक काय नेत? माझ्या पानांवर प्रवचनांचे संग्रह होते, ते अपेक्षितच. इतिहास भरपूर. समुद्रप्रवासाची वर्णनं तर प्रत्येकाच्या खात्यावर, मग तो ग्रीक शिकवो वा गणित. नियतकालिकांचे बांधीव खंड. कधी कधी ज्याचा विषय आहे त्याच्याच पानावर त्या विषयाचं काही नाही. गणिताच्या माणसाने गणिताचं पुस्तक स्वतः विकत घेतलेलं असणार, ते न्यायला तो ग्रंथालयात कशाला येईल? हे मला लगेच उमगलं, कारण आमच्या कॉलेजातही रसायनशास्त्राचे सर माझ्याकडून फक्त दिवाळी अंक न्यायचे.

आणि काट नसलेल्या ओळी! अण्णांची सवय माझ्या बोटात उतरलेली, त्यामुळे त्या आधी दिसल्या. विद्यार्थ्यांवर नियमांचा बडगा, आणि प्राध्यापकांच्या पानावर महिने उलटतात, खंड एक परत येतो, खंड दोन येत नाही. माझ्या कॉलेजात प्राध्यापकांची पुस्तकं दोनच प्रसंगी परत येत : एक निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्रासाठी, दुसरं घर बदलताना, रद्दीच्या गठ्ठ्यातून चुकून. एका सरांनी तर बावीस वर्षांपूर्वी नेलेला शब्दकोश परत देताना मला वर 'जपून ठेवा' असं सांगितलं होतं. सेंट अँड्र्यूजच्या त्या पानांकडे बघताना मला परकं वाटेना ते याच कारणाने.

ग्रँट डफ मात्र मिळेना. मी डी पासून सुरू होणारं प्रत्येक अक्षर भिंगाखाली घातलं. माझ्या वाट्याच्या पानांत तो नव्हता. हिंदुस्थान अधूनमधून डोकावून जाई, पण त्यावर प्रबंध उभा राहील इतका नाही. या धडपडीत एक वेगळाच माणूस आठवला. रॉबर्ट नेस्बिट याच विद्यापीठाचा विद्यार्थी. १८२७ मध्ये तो मिशनरी म्हणून मुंबईला पोचला आणि पुढे आमच्याच जिल्ह्यात, हर्णैला राहिला. मराठी इतकं चांगलं शिकला की त्याचं मराठी त्या काळच्या युरोपियनांत नावाजलं गेलं. तो विद्यार्थी असताना इथे नीतिशास्त्र शिकवायला टॉमस चाल्मर्स होते, १८२३ ते १८२८. नेस्बिट याच धुक्यातून चालत ग्रंथालयात गेला असेल. हर्णैच्या बंदरावर उतरल्यावर त्याला घामाच्या धारा लागल्या असतील, तेव्हा हे धुकं आठवलं असेल का? एक अख्खी दुपार मी यात घालवली. मार्गदर्शक बाईंना कळवलं तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "छान. तो प्राध्यापक नव्हता."

दुसऱ्या आठवड्यात काही पानांवर पुस्तकांची नावं कमी झाली आणि नुसते आकडे वाढले. 'म्यूझिक' आणि आकडा, खाली 'डो.' आणि आकडा. मला वाटलं, विद्यापीठात संगीत शिकवत असतील. खोलीतल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "तेव्हा इथे संगीताचा प्राध्यापकच नव्हता."

मग ही कहाणी कळली. १७७७ मध्ये योहान ख्रिस्टियान बाख, म्हणजे प्रसिद्ध जर्मन संगीतकार थोरल्या बाखचा लंडनला स्थायिक झालेला मुलगा, आपलं संगीत परवानगीशिवाय छापणाऱ्यांविरुद्ध कोर्टात गेला होता. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला की छापलेलं संगीतही त्या १७१० च्या कायद्यातल्या 'लेखना'त येतं. झालं. संगीत छापणारेही स्टेशनर्स हॉलकडे वळले, आणि लंडनहून पुस्तकांच्या गठ्ठ्यांबरोबर गाण्यांचे, पियानोच्या तुकड्यांचे, नाचांच्या चालींचे सुटे कागद विद्यापीठांत येऊन पडू लागले. अनेक विद्यापीठांना त्यांचं काय करावं हेच कळेना. सेंट अँड्र्यूजने ते जमवले, बांधले, क्रमांक घातले. असे चारशेहून अधिक खंड झाले आणि ते घरी न्यायला मोकळे ठेवले. १८०१ ते १८४९ या काळातली ही देवघेव आहे. कॅरन मॅकॉले या ग्लासगोतल्या संगीत-ग्रंथपाल बाई यावर कितीतरी काम करत होत्या, आणि मला ते वही उघडेपर्यंत माहीत नव्हतं. ग्रंथपाल असून!

ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक पियानोचे खंड नेतो म्हणजे तो संध्याकाळी स्वतः वाजवत बसतो, असं एक सुंदर चित्र मी मनात रंगवलं होतं. तेवढ्यात तो शब्द आडवा आला.

आकड्यापुढे 'फॉर' असा शब्द, आणि मग एम, आय, एफ, एस. मिफ्स. पुढे काहीतरी आडनाव. दुसऱ्या प्राध्यापकाच्या पानावरही मिफ्स. तिसऱ्याच्याही. मी नियमाप्रमाणे जसं दिसतं तसं उतरवलं आणि 'इतर' रकान्यात टाकलं. तीन दिवस. मिफ्स हे एखादं जुनं स्कॉटिश नाव असावं, किंवा पदवी. एका मोठ्या कुटुंबाचं नाव असेल तर गावातली संगीताची सारी आवड एकाच घरात एकवटली होती, असं म्हणावं लागेल. मी तर त्या घराण्यावर टिपण लिहायलाही घेतलं होतं. इतर रकान्यात ६३ मिफ्स झाले तेव्हा मी धीर करून शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या संशोधकाला विचारलं. ते आपल्या वंशावळीत बुडालेले. त्यांनी चष्मा वर केला, ओळ पाहिली आणि इतक्या मोठ्याने हसले की खोलीतल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मिस," ते कुजबुजले. "मिस, बाई. मिस!"

जुन्या छपाईत शब्दाच्या मधला एस लांब, एफसारखा दिसतो, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण छापखान्यांनी तो टाकल्यानंतरही हाताने लिहिणारे दोन एस लागून आले की पहिला लांबच काढत, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मिस अमुक. मिस तमुक. मी तीन दिवस ज्याला घराणं समजत होते त्या सगळ्या वेगवेगळ्या मुली आणि बायका होत्या. मी त्यांना 'इतर' मध्ये टाकलं होतं.

त्या संध्याकाळी गच्च वारा असूनही मी समुद्राकाठी वेस्ट सँड्सवर चालत गेले. खोलीवर बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यात नववा रकाना घातला : 'कोणासाठी'. आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

आता वही वेगळीच दिसू लागली. आधी 'फॉर' हा शब्द मी घाईत सोडून दिला होता कितीतरी ठिकाणी. प्राध्यापकाच्या पानावर मिसेस, मिस, पुन्हा मिस. एकेका प्राध्यापकाचं खातं म्हणजे दुकानातल्या आमच्या गुरुजींचं खातं. गुरुजींच्या नावावर गूळ जाई शेजारच्या विधवा काकूंकडे, साखर भाडेकरूकडे, आणि वहीत सगळं गुरुजींच्या नावे. अण्णा कंसात कधी लिहीत, कधी नाही. इथेही तसंच. कधी 'फॉर' आहे, कधी नाही. ज्या ओळीत नाही तिथे खंड प्राध्यापकासाठीच गेला असं धरायचं का? आधी मी धरत होते. आता धरवेना.

आणि मग त्या आकड्यांमागचे खंड पाहायची वेळ आली. वहीतला क्रमांक घेऊन तो खंड मागवायचा. त्यात सदतीस वेगवेगळे सुटे कागद एकत्र बांधलेले निघायचे : वाल्ट्झ, क्वाड्रिल या नाचांच्या चाली, स्कॉटिश गाण्यांच्या चाली, लढाईच्या वर्णनाचा पियानोचा तुकडा, मधेच भजन. यातलं कुठलं हवं म्हणून त्या मिसने तो खंड मागवला? वही ते सांगत नाही. पण मदतीला एक बाईच आली. १८२० च्या दशकात गावातल्या मिस लँबर्ट यांनी या खंडांची हस्तलिखित सूची करून ठेवली आहे. खंड अमुक, त्यात अमुक अमुक गाणी. म्हणजे घरबसल्या सूची बघायची, क्रमांक ठरवायचा आणि ओळखीच्या प्राध्यापकाला सांगायचं, येताना एवढा आणा. मी ती सूची पाहिली तेव्हा मला पहिल्यांदाच या साऱ्यात माझ्या व्यवसायाचं माणूस भेटलं. सुबक, सरळ, कुठेही घाई नाही. अशी सूची करणारी व्यक्ती वापरणाऱ्याचा विचार करत असते, हे मी शपथेवर सांगेन.

एका खंडाच्या पानांचे उजवे खालचे कोपरे काळपट झाले होते. पुस्तक वाचताना पान कोपऱ्याला धरून हलकेच उलटतो. वाजवताना ते घाईने, एका हाताने, ओढून उलटावं लागतं. म्हणून नेमके तेच कोपरे मळतात, आणि एखाद दुसरं पान फाटतं. मागे पानाला आतून कागदाची पट्टी लावलेली होती. ही पट्टी ग्रंथालयाने लावली की घरी? खोलीतल्या बाई म्हणाल्या, सांगता येणार नाही.

मार्गदर्शक बाईंनी एक गोष्ट आधीपासून घोकून घेतली होती : नेलं म्हणजे वाचलं असं नाही. वहीत फक्त नेलेलं असतं. कबूल. पण संगीताच्या खंडाबाबत मला त्यांच्याशी थोडं भांडावंसं वाटलं. इतिहासाचा जाडजूड खंड माणूस दिखाव्यासाठीही टेबलावर ठेवील. नाचाच्या चालींचा मळका खंड दोन महिन्यांत त्याच नावासाठी तिसऱ्यांदा का मागवील कुणी? बाई म्हणाल्या, "असेल. पुरावा?" मी कोपऱ्यांचे फोटो पाठवले. त्यांनी उत्तर दिलं, "हे चालेल."

स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी बायकांना पदवीसाठी प्रवेश दिला तो १८९२ मध्ये. त्याच्या तीस वर्षं आधी, १८६२ साली, एलिझाबेथ गॅरेट या सेंट अँड्र्यूजला आल्या होत्या, वैद्यक शिकायला. नाव नोंदलं गेलं, आणि मग विद्यापीठाने ती नोंद रद्दबातल ठरवली. १८७७ पासून बायकांसाठी एल.एल.ए. नावाची वेगळी परीक्षा सुरू झाली, पदवीच्या तोडीची, पण पदवी नव्हे. या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८०१ पासून, गावातल्या बायका त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय वापरत होत्या. फक्त खातं दुसऱ्याचं.

१८३६ मध्ये फुकट पुस्तकांचा हक्क गेला. सेंट अँड्र्यूजला त्याबदल्यात वर्षाला ६३० पौंड ठरले. पैसे हातात आले की विद्यापीठ विचार करून पुस्तकं घेतं, आणि विचार करून पुस्तकं घेणारा माणूस नाचाच्या चाली विकत घेत नाही. नवे सुटे कागद यायचे थांबले. जुने खंड मात्र पुढेही काही वर्षं गावात फिरत राहिले.

माझा प्रबंध झाला. हिंदुस्थानाचा त्यात एक परिच्छेद आहे, तोही तळटीपेसारखा. मार्गदर्शक बाईंनी 'कोणासाठी' हा रकाना परिशिष्टात पूर्ण छापायला लावला. मिफ्सचा किस्सा मात्र काढायला लावला. म्हणाल्या, प्रबंधात नको. इथे कुणी काढायला लावणार नाही.

शेवटच्या आठवड्यात आईला फोन केला. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. आई अजून रत्नागिरीत एकटीच असते, सकाळी दूध येतं का, भरती किती वाजता आहे, असलं विचारून झालं की पुस्तकांचं बोलते. तिला मी हे सगळं सांगितलं. त्या बायका, प्राध्यापकांची खाती, मळलेले कोपरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, त्यात नवल काय? मीही तशीच वाचली."

मला आठवायला लागलं ते तेव्हा. आमच्या इथलं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या बायका पियानो वाजवत होत्या तेव्हाचं. सभासद अण्णा होते. अण्णांनी आयुष्यात दैनिकाशिवाय काही वाचलं नाही. दर शनिवारी मला नाहीतर धाकट्याला आई पिशवी देई, त्यात दोन पुस्तकं आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच नावं, म्हणजे पहिलं नसलं तर दुसरं. काउंटरवरचे काका चिठ्ठी वाचत आणि हसत, "अण्णांना कादंबऱ्यांचं फारच वेड हो!" मला ते खरंच वाटायचं. वहीत लिहिलेलं असायचं अण्णांचं नाव, आणि त्यासमोर तीस वर्षांच्या मराठी कादंबऱ्या.

"आई, चिठ्ठीवर तू तुझं नाव का नाही घालायचीस?"

"कशाला? खातं त्यांचं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण नंबर मी सांगायची. चारशे बारा. तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत पाठ झाला नाही."